तापमापनाचे बालशिक्षण

तापमापनाचे बालशिक्षण : लहान मुलांना वस्तूचा उष्णपणा वा थंडपणा ओळखण्यास, त्याची तुलना करण्यास आणि तापमापकाच्या साहाय्याने तो अंशांत मोजण्यास शिकविण्याच्या प्रयत्नांना ही संज्ञा लावता येईल. लांबी, वजन व धारकता यांच्या मापनाबरोबरच तापमापनाचाही प्राथमिक अभ्यासक्रमात समावेश करण्याची प्रथा अनेक देशांत आहे. तथापि पहिल्या तीन राशी व तापमान यांत एक मूलभूत फरक आहे. एक लिटर पाण्यात एक लिटर पाणी ओतले, तर दोन लिटर पाणी होते. पण २०° से. तापमानाच्या पाण्यात २०° से. तापमानाचे पाणी ओतले, तर मिश्रणाचे तापमान २०° से.च राहते. लांबी, वजन व धारकता यांची बेरीज करता येते, तशी तापमानाची करता येत नाही. ही गोष्ट प्रौढास इतकी स्वाभाविक वाटते की, ती मुलास शिकवावी लागते याचेच त्याला विस्मरण होते. प्रत्यक्षात बंदिस्त तापमापक हाती आल्यानंतर मिश्रणाच्या तापमानाचा नियम मांडण्यास यूरोपीय विद्वानांना जवळजवळ शंभर वर्षे लागली. तापमापक मुलाच्या हाती केव्हा द्यावा आणि त्यापूर्वी व त्यानंतर काय करून घ्यावे, या प्रश्नाभोवती या विषयाचा सारा इतिहास फिरतो.

संवेदना व तिची मर्यादा : उष्ण व थंड यांचे ज्ञान मुलास प्रथम त्वचेद्वारे होते. मराठी बोलणारे मूल शाळेत येण्यापूर्वीच कढत, ऊन, कोमट, गार, थंडगार अशी शब्दांची एक उतरंड वापरीत असते. या शब्दांचा क्रम ठरलेला आहे, त्यांतील अंतरे मात्र ठरलेली नाहीत. तापमापनाच्या शिक्षणाला लागणारी अर्धी तयारी या क्रमात आधीच झालेली असते. पाठ्यपुस्तके मात्र तिची फारशी दखल घेत नाहीत.

त्वचेची साक्ष कोठे चुकते, याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक (१६३२–१७०४) याने १६९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानवी आकलनासंबंधीच्या ग्रंथात दिले आहे. एकच पाणी एकाच वेळी एका हातास थंड व दुसऱ्या हातास उष्ण लागू शकते, असे त्याने दाखवून दिले. तीन पातेल्यांचा जो प्रयोग आज प्राथमिक शाळांत करून घेतात, तो याच धर्तीचा आहे. एक हात गार पाण्यात व दुसरा सोसेल इतक्या ऊन पाण्यात काही वेळ ठेवून मग दोन्ही हात कोमट पाण्यात घातले, की मुलांत वाद सुरू होतो. पाणी एकच आहे हे सर्वांना दिसत असते, त्यामुळे हा वाद शिक्षकाने मिटवून चालत नाही. तो मिटविण्यासाठी हाताव्यतिरिक्त अन्य साधन हवे, ही गरज मुलांना स्वतःला वाटावी लागते. लॉक स्वतः १६६६ पासून हवामानाची नोंदवही ठेवीत असे आणि तीत तापमापकाचे आकडे लिहीत असे, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

दुसरी फसगत अधिक चिवट आहे. एकाच खोलीत रात्रभर ठेवलेला पितळेचा पेला व लाकडी पाट यांना सकाळी हात लावला, तर पेला थंड लागतो. दोहोंचे तापमान एकच असते. परंतु पितळ हातातील उष्णता चटकन वाहून नेते, लाकूड नेत नाही. शहाबादी फरशी व चटई यांचाही अनुभव असाच आहे. त्वचेला जाणवते ते प्रामुख्याने उष्णतेच्या वहनाचा वेग असतो, वस्तूचे तापमान नव्हे. मूल मात्र यावरून ‘धातू थंड असतो’ व ‘लोकर गरम असते’ असे त्या त्या पदार्थांचे स्थायी गुणधर्म ठरवून टाकते.

पदार्थाच्या अंगी उष्णत्व वा शीतत्व मुळातच असते, ही कल्पना मुलांच्याच विचारात आढळते असे नाही. ग्रीक परंपरेत उष्ण व शीत हे दोन स्वतंत्र, परस्परविरोधी गुण मानले जात. गेलेन (इ. स. दुसरे शतक) या वैद्याने औषधांचे उष्णत्व व शीतत्व यांच्या प्रत्येकी चार पायऱ्या कल्पिल्या आणि उकळते पाणी व बर्फ समप्रमाणात मिसळून मधली, सम अवस्था मिळते असे मानले. आयुर्वेदातील उष्ण व शीत वीर्याची कल्पना वेगळ्या तात्त्विक चौकटीतील आहे. परंतु ‘पपई उष्ण असते’ हे वाक्य घरोघरी ऐकणाऱ्या मुलाने शाळेत पपईला तापमापक लावून पाहण्याची इच्छा दर्शविली, तर तिचे स्वागत करणे इष्ट होय. पपईचे तापमान भोवतालच्या हवेइतकेच निघते. ‘उष्ण’ हा शब्द येथे शरीरावरील परिणामाविषयी आहे व तापमापकाचा अंक वस्तूच्या अवस्थेविषयी आहे, हा भेद त्या निमित्ताने बोलता येतो. आजीचे म्हणणे खोटे ठरविणे हा त्या पाठाचा हेतू असू नये.

तापमापकाचा इतिहास व अध्यापनाशी त्याचा संबंध : सतराव्या शतकाच्या आरंभी गॅलिलीओ, सांक्तोरियो इत्यादींनी वापरलेले उपकरण म्हणजे हवेने भरलेला काचेचा फुगा व पाण्यात उभी केलेली नळी एवढेच होते. हवेचा दाब बदलला तरी त्यातील पाण्याची पातळी बदले. हा दोष दूर करून मद्यार्काने भरलेले बंदिस्त तापमापक तस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फेर्दिनांद (१६१०–७०) याच्या प्रोत्साहनाने फ्लॉरेन्समध्ये शतकाच्या मध्याच्या सुमारास तयार झाले. तेथील प्रायोगिक अकादमीने (१६५७–६७) ते विपुल प्रमाणात वापरले. या अकादमीचा एक प्रयोग असा : अंतर्वक्र आरशासमोर पाचशे पौंड बर्फ ठेवून आरशाच्या केंद्राशी सूक्ष्म तापमापक धरला. तापमापकातील पातळी उतरली. तेव्हा बर्फातून ‘थंडी’ निघून आरशावरून परावर्तित झाली, की बर्फाचा सरळच परिणाम झाला, असा प्रश्न या विद्वानांना पडला. उत्तम उपकरण हाती असूनही उष्णता व थंडी या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, हा विचार त्यांच्या मनातून गेला नव्हता.

गाब्रीएल डानिएल फॅरनहाइट (१६८६–१७३६) याने परस्परांशी जुळणारे तापमापक तयार केले व १७२४ मध्ये आपल्या मापक्रमाचे वर्णन प्रसिद्ध केले. अँडर्स सेल्सिअस (१७०१–४४) या स्वीडिश ज्योतिर्विदाने १७४२ मध्ये शंभर अंशांचा मापक्रम सुचविला. परंतु त्यात पाण्याच्या उत्कलनबिंदूस ० व गोठणबिंदूस १०० हे अंक दिलेले होते. तो क्रम त्याच्या मृत्यूनंतर लवकरच उलटा करण्यात आला. वर्गात ही हकीकत सांगण्याजोगी आहे. शून्य हा अंक येथे ‘काहीच नाही’ या अर्थाचा नसून केवळ ठरविलेल्या एका खुणेचे नाव आहे, हे तिच्यावरून मुलांना सहज पटते. ४०° चे पाणी २०° च्या पाण्याच्या ‘दुप्पट गरम’ का म्हणता येत नाही, याचे बीजही तिच्यातच आहे.

तापमापकातील द्रवाचे चढणे हे उष्णपणाच्या वाढीशी प्रमाणात असते का, हे पडताळण्यासाठी ब्रुक टेलर याने १७२३ मध्ये ऊन व गार पाणी मिसळण्याची युक्ती योजिली. निरनिराळ्या तापमानांच्या पाण्याचे मिश्रण केल्यास अंतिम तापमान किती होईल, याचे योग्य सूत्र सेंट पीटर्झबर्ग येथील गेओर्ग व्हिल्हेल्म रिखमान (१७११–५३) याने १७४७–४८ च्या सुमारास मांडले. वातावरणातील विजेचा अभ्यास करताना वीज अंगावर येऊन मृत्युमुखी पडलेला शास्त्रज्ञ म्हणून रिखमान अधिक परिचित आहे. त्याचे हे काम मात्र प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने जास्त मोलाचे आहे.

शेवटचा भेद जोसेफ ब्लॅक (१७२८–९९) याने केला. उष्णतेची तीव्रता व उष्णतेची राशी या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि तापमापक केवळ पहिलीच दाखवितो, असे त्याने ग्लासगो येथे १७६० च्या सुमारास प्रतिपादिले. त्याने एका काचपात्रात बर्फ व दुसऱ्या तशाच पात्रात गोठणबिंदूच्या जवळपास आणलेले तितकेच पाणी घेऊन ती एका खोलीत टांगून ठेवली. पाण्याचे तापमान अर्ध्या तासात ७° फॅ. वाढले. बर्फ वितळून त्या तापमानास येण्यास मात्र साडेदहा तास लागले. उष्णता सतत येत असूनही बर्फ वितळेपर्यंत तापमापक हालला नाही. ही ती ⇨ सुप्त उष्णता. ब्लॅकने यासंबंधी विस्तृत ग्रंथ स्वतः प्रसिद्ध केला नाही. त्याचे विचार त्याच्या व्याख्यानांतून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले आणि ती व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. उष्णता व तापमान यांतील भेद वर्गातील अध्यापनातून रूढ झाला, हे विज्ञानाच्या इतिहासात विरळा आढळणारे उदाहरण होय.

बालशिक्षणात प्रवेश : जेन मार्सेट (१७६९–१८५८) यांनी १८०६ मध्ये रसायनशास्त्रावरील संवाद प्रसिद्ध केले. एक शिक्षिका व तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्यातील या संवादांत आरंभीचाच बराच भाग उष्णतेला दिलेला आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅराडे यांना रसायनशास्त्राची गोडी या ग्रंथाने लावली. मात्र हे लेखन थोड्या मोठ्या वयाच्या वाचकांसाठी होते.

योहान हाइन्रिख पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) यांच्या विचारातून निघालेली वस्तुपाठाची पद्धत १८३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एलिझाबेथ मेयो यांच्या पुस्तकाने लोकप्रिय झाली. काच, रबर, चामडे अशी एकेक वस्तू मुलांपुढे ठेवून तिचे गुण त्यांच्याकडून वदवून घ्यावयाचे, अशी तिची रीत होती. मूळ कल्पना चांगली असली, तरी सामान्य शाळांत तिला गुणवाचक शब्दांच्या घोकंपट्टीचे रूप आले. काच ‘थंड’ आहे असे मूल म्हणे व ते उत्तर बरोबर धरले जाई. वर सांगितलेली फसगत येथे शिक्षणाच्याच नावाने पक्की होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग (१८४८–१९३७) यांनी स्वयंशोधनपद्धतीचा पुरस्कार करताना मुलांनी स्वतः मोजमाप करण्यावर भर दिला. त्याच काळात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली व ॲना बॉट्स्फर्ड कॉम्स्टॉक यांनी निसर्गाभ्यासाची चळवळ वाढविली. कॉम्स्टॉक यांच्या १९११ मधील निसर्गाभ्यासाच्या हस्तपुस्तकात हवामानासही स्थान आहे. शाळेच्या ओसरीवर तापमापक टांगून रोज ठराविक वेळी त्यावरील आकडा लिहावयाचा, हा प्रघात अशा निसर्गाभ्यासाला पोषक ठरला.

या प्रघाताचे मोल कमी लेखता येत नाही. वर्षभराच्या नोंदींतून ऋतूंचा आलेख मुलाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो आणि तापमापक कोठे टांगावा हा प्रश्नच एक पाठ होऊन बसतो. उन्हात टांगलेला तापमापक हवेचे तापमान न दाखविता ऊन शोषणाऱ्या स्वतःचेच तापमान दाखवितो. म्हणूनच वेधशाळांत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. ही पेटी टॉमस स्टीव्हन्सन (१८१८–८७) या दीपगृह-अभियंत्याने योजिली. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा त्याचा मुलगा. तथापि नोंदवहीतील आकडा म्हणजे काय, हे केवळ नोंदी ठेवल्याने कळत नाही. रोज आकडा उतरून घेणारा वर्ग अनेकदा तो आकडा हजेरीपटाप्रमाणेच लिहितो.

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांचा मार्ग नेमका उलट होता. रोम येथे १९०७ मध्ये सुरू झालेल्या बालगृहात त्यांनी तापसंवेदनेसाठी स्वतंत्र खेळ योजिले. धातूच्या लहान वाडग्यांत निरनिराळ्या तापमानांचे पाणी भरावयाचे. त्यांतील दोन-दोन वाडग्यांचे तापमान सारखे ठेवावयाचे आणि मुलाने स्पर्शाने जोड्या लावावयाच्या. पाणी सारख्या तापमानाचे आहे की नाही हे तापमापकाने पाहण्याचे काम मोठ्यांचे होते. अंक मुलापुढे आणलाच जात नव्हता. समान, अधिक, कमी या संबंधांची जाण तेवढी घडविली जात होती. महाराष्ट्रात माँटेसरी विचार ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी आणला. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे काम केल्यानंतर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले व ते पुढे अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्या साहाय्याने कोसबाड येथे वाढविले. महागड्या साधनांऐवजी परिसरातील शंख-शिंपले, पाने, बिया यांतून ज्ञानेंद्रियांचे शिक्षण देण्याचा त्यांचा आग्रह होता. त्या दृष्टीने पाहता तापसंवेदनेच्या खेळाला माठातील पाणी, उन्हातील खडा व सावलीतील खडा एवढी सामग्री पुरे आहे.

आधुनिक संशोधन : १९६० नंतर इंग्लंडमधील नफील्ड कनिष्ठ विज्ञान प्रकल्प व अमेरिकेतील प्रक्रियाप्रधान विज्ञान अभ्यासक्रम यांमुळे मापन ही एक मूलभूत वैज्ञानिक प्रक्रिया म्हणून प्राथमिक वर्गांत प्रतिष्ठित झाली. त्याच सुमारास झां प्याजे (१८९६–१९८०) यांच्या कार्याने मुलांच्या चुकांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. चूक ही अज्ञानाची खूण नसून एखाद्या सुसंगत विचाराचे फळ असू शकते, असे मानले जाऊ लागले. गालेन एरिक्सन यांनी १९७९ मध्ये कॅनडातील मुलांच्या उष्णता व तापमान यांविषयीच्या कल्पना प्रसिद्ध केल्या. मोठ्या वस्तूचे तापमान अधिक, उष्णता व थंडी हे जणू इकडून तिकडे वाहणारे पदार्थ, अशा कल्पना त्यांत आढळल्या.

या संशोधनातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग इझ्राएलमधील सिडनी स्ट्रॉस व रूथ स्टाव्ही यांचा आहे. सारख्याच गार पाण्याचे दोन पेले तिसऱ्या भांड्यात ओतले, तर ते पाणी कसे असेल, असा प्रश्न त्यांनी निरनिराळ्या वयांच्या मुलांना विचारला. शाळापूर्व वयाची मुले ‘तसेच गार’ असे अचूक उत्तर देत. त्यांहून थोडी मोठी मुले मात्र पाणी वाढले म्हणून ते अधिक गार झाले, असे सांगत. पुढे वय वाढल्यावर उत्तर पुन्हा बरोबर येई. आकलनाचा आलेख असा प्रथम खाली जाऊन मग वर येतो. हाच प्रश्न अंकांत विचारला, म्हणजे १०° चे पाणी अधिक १०° चे पाणी असा मांडला, तर २०° हे उत्तर येण्याचा संभव फार वाढतो आणि ही चूक अधिक वयापर्यंत टिकते. शाळेत बेरीज शिकलेले मूल दोन अंक दिसताच त्यांची बेरीज करते. ज्या मुलास शब्दांत विचारले असता उत्तर येते, तेच मूल अंक पुढे येताच चुकते. तापमापक लवकर हाती दिल्याने आकलन लवकर होते, या समजुतीला यामुळे मोठाच धक्का बसला.

यावरील उपायही याच संशोधनातून निघाला. स्टाव्ही व बर्कोव्हिट्झ यांनी १९८० मध्ये असे दाखविले की, मुलाला त्याचीच दोन उत्तरे समोरासमोर ठेवून दाखविली, तर अंकांविषयीचे त्याचे आकलन सुधारते. ‘गार पाण्यात तितकेच गार पाणी घातले तर तितकेच गार’ असे एकीकडे व ‘दहा आणि दहा वीस’ असे दुसरीकडे. यांतील विसंगती मुलाच्या स्वतःच्या लक्षात येते. यानंतर तापमापक पाण्यात घालून पाहावयाचे. मॅरिआन वायझर व सूझन केरी यांनी १९८३ मध्ये मुलांच्या या अवस्थेची फ्लॉरेन्सच्या अकादमीशी तुलना करता येईल असा अभ्यास मांडला. त्या विद्वानांच्या विचारात उष्णता व तापमान या दोन संकल्पना अद्याप विभक्त झालेल्या नव्हत्या, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही तुलना मर्यादेत ठेवणे आवश्यक आहे. मूल शंभर वर्षांचा इतिहास पुन्हा जगत नाही, कारण त्याच्याजवळ उत्तर ठाऊक असलेला शिक्षक असतो. पण शिक्षकास चुकीचा आदर वाटावा एवढे बळ त्या तुलनेत निश्चित आहे.

ब्रूस वॉटसन व रिचर्ड कोनिसेक यांनी १९९० मध्ये वर्णन केलेली अमेरिकेतील एका वर्गाची हकीकत शिक्षकवर्गात पुष्कळ वाचली गेली. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी स्वेटर, टोप्या व सतरंजी ‘गरम’ असतात असे सांगितले. शिक्षिकेने त्यांना त्यांत तापमापक गुंडाळून ठेवण्यास सांगितले. पंधरा मिनिटांनी तापमान वाढलेले नव्हते. मुलांनी हार मानली नाही. वेळ कमी पडला, बाहेरची थंड हवा आत शिरली असावी, असे तर्क करून त्यांनी कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करून रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशीही अंक तोच. प्रयोग दाखविला की कल्पना बदलते, हा शिक्षकांचा आवडता विश्वास येथे कसास लागतो. अनेक हिवाळे अंगावर स्वेटर घालून मिळविलेला अनुभव एका वाचनाने पुसला जात नाही. आणि तापमापक बिघडला असेल, ही मुलाची शंका तर अगदीच अशास्त्रीय म्हणता येत नाही.

वर्गातील साधने व अडचणी : वरील सर्व विचारांवरून अध्यापनाचा एक क्रम सुचतो. प्रथम स्पर्शाने तुलना व क्रमवारी. मग तीन पातेल्यांचा वाद. त्यानंतर अंक नसलेला तापदर्शक. बाटलीत रंगीत पाणी काठोकाठ भरून बुचातून पारदर्शक नळी बसविली व ती बाटली ऊन पाण्यात ठेवली की नळीतील पाणी चढते. बारकाईने पाहणाऱ्या मुलास पहिल्या क्षणी पाणी किंचित उतरलेले दिसते, कारण आतील पाण्याआधी काच तापून प्रसरण पावते. हे दिसले नाही असे सांगणारा शिक्षक बहुधा स्वतःच पाहत नसतो. नळीवर मुलांनी स्वतः ‘वर्गातील हवा’, ‘माठातील पाणी’, ‘कोमट’ अशा खुणा कराव्यात. दोन गटांच्या खुणा जुळत नाहीत असे आढळले, की सर्वमान्य मापक्रमाची आवश्यकता आपोआप पुढे येते. अंशांत मापन येथून पुढे सुरू करावे.

मिश्रणाच्या प्रयोगात अंकांची निवड विचारपूर्वक करावी लागते. ६०° व २०° चे पाणी समप्रमाणात घेतल्यास उत्तर ४०° च्या आसपास येते. पण वजाबाकी करणाऱ्या मुलालाही ४० च मिळतात व त्याची चूक झाकली जाते. ५०° व ३०° घेतल्यास सरासरी ४०°, वजाबाकी २० व बेरीज ८० असे तिन्ही मार्ग वेगळे दिसतात. शिवाय ६०° चे पाणी लहान मुलांच्या हाती देणे धोक्याचे आहे. ५०° च्या पाण्यातही हात घालू देऊ नये. भांडे व हवा काही उष्णता घेत असल्याने वाचन अपेक्षेपेक्षा थोडे कमी येते, हेही आधी सांगून ठेवावे.

घरातील ज्वरमापकाची सवय वर्गात आड येते. जुन्या पाऱ्याच्या ज्वरमापकात केशनलिकेला एक आकुंचन असल्याने पारा आपोआप उतरत नाही. तो तोंडातून काढून सावकाश वाचता येतो आणि नंतर झटकावा लागतो. हे पाहिलेले मूल प्रयोगशाळेतील तापमापकही पाण्यातून बाहेर काढून वाचते व तोवर स्तंभ खाली आलेला असतो. फुगा बोटांत धरणे, स्तंभ स्थिर होण्यापूर्वी वाचणे, डोळा पातळीत नसणे, दोन-दोन अंशांच्या खुणांस एकेक अंश समजणे, या नित्याच्या चुका होत. भारतीय मुलापुढे आणखी एक गोंधळ असतो. १९५६ च्या वजनमापविषयक कायद्याने देशात दशमान पद्धती आणली व हवामानाची तापमाने सेल्सिअसमध्ये सांगितली जातात. घरात मात्र ताप आजही बहुधा फॅरनहाइटमध्येच मोजतात. वर्तमानपत्रात ४२ अंश तापमानाने नागपूरकर हैराण असतात आणि घरी १०२ ताप असलेला भाऊ अंथरुणात असतो. भाऊ नागपूरपेक्षा अडीचपट तापला आहे काय, असे विचारणारे मूल तर्कशुद्ध बोलत असते. १०२° फॅ. म्हणजे सुमारे ३८.९° से., हे त्यास सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

अभ्यासक्रमांतील स्थान : इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात सहा-सात वर्षांच्या मुलांनी लांबी, वस्तुमान व धारकता यांच्याबरोबरच तापमानही सेल्सिअस अंशांत मोजावे, अशी अपेक्षा गणित विषयात नमूद केली आहे. याउलट अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या नव्या मानकांत सूर्यप्रकाशाचा जमिनीवरील परिणाम अभ्यासणाऱ्या बालवर्गातील मुलांचे मूल्यमापन ‘अधिक ऊबदार’ व ‘अधिक थंड’ अशा सापेक्ष तुलनेपुरतेच मर्यादित ठेवले आहे. बेरीज होणाऱ्या तीन राशींच्या पंक्तीत चौथी, बेरीज न होणारी राशी बसविण्याची इंग्रजी योजना सोयीची खरी, पण स्ट्रॉस व स्टाव्ही यांच्या निष्कर्षांनंतर ती निर्धोक मानता येत नाही. भारतात १९७५ च्या दहा वर्षांच्या शालेय अभ्यासक्रमापासून प्राथमिक विज्ञान परिसर अभ्यासाच्या रूपाने शिकविण्याचे धोरण आले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने (१९७२–२००२) मुलांनी स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढण्याची पद्धत सरकारी माध्यमिक-पूर्व शाळांत राबवून दाखविली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा तीत आरंभापासून सहभाग होता. त्याच संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) प्राथमिक वर्गांसाठी निरीक्षणप्रधान अभ्यासक्रम तयार केला आहे.

साधनांतही अलीकडे मोठा पालट झाला आहे. पारा विषारी असल्याने मिनामाता करारान्वये (२०१३, अंमल २०१७ पासून) पाऱ्याच्या तापमापकांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२० नंतर थांबविण्याचे ठरले. शाळांत त्यांची जागा रंगीत मद्यार्काच्या व अंकदर्शी तापमापकांनी घेतली. ‘पारा चढला’ हा वाक्प्रचार तेवढा मागे राहिला. मद्यार्काचा लाल स्तंभ मुलांना पाऱ्यापेक्षा स्पष्ट दिसतो, त्यामुळे येथे नुकसान काही नाही. अंकदर्शी तापमापकाची गोष्ट वेगळी आहे. त्यात चढणारे काहीच दिसत नाही. अंक बदलतो एवढेच. करोना महासाथीनंतर शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा अनेक मुलांची तापमापनाशी पहिली ओळख दारात कपाळासमोर धरलेल्या अवरक्त तापमापकाने झाली. त्याला वस्तूचा स्पर्श लागत नाही व थांबावेही लागत नाही. वस्तू व तापमापक यांचे तापमान एक होईपर्यंत वाट पाहणे हा तापमापनाचा गाभा आहे. स्तंभाच्या तापमापकात ही वाट पाहणे मुलास डोळ्यांनी दिसते. त्यामुळे अंकदर्शी उपकरणे उपलब्ध असलेल्या शाळांतही पहिल्या काही पाठांसाठी काचनळीचा तापमापक, निदान बाटली व नळीचा तापदर्शक, राखून ठेवणे श्रेयस्कर ठरते.